६४ चे ३२ लॉजिकल प्रोसेसर झाले? बायोसला हात लावायच्या आधी गुणाकार तपासा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. डेलचा आर७४० सर्व्हर, त्यात दोन झिऑन गोल्ड ६१३० सीपीयू, वर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय ७.० (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि अकरा व्हीएम. होस्टच्या, म्हणजे त्या सर्व्हरच्या, समरीत आधी लॉजिकल प्रोसेसर (सॉफ्टवेअरला दिसणारे प्रोसेसर) ६४ दिसायचे, मध्ये आधीच्या व्हेंडरने पॅचिंग केलं आणि तेव्हापासून ३२ दिसतात. बायोसमध्ये (सर्व्हरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे हायपरथ्रेडिंगचं सेटिंग, एनेबल्डच आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१९ स्टँडर्डची व्हीएम २४ व्हीसीपीयूची (व्हर्च्युअल सीपीयू) आहे, ईआरपी (कंपनीच्या हिशेब-व्यवहारांचं सॉफ्टवेअर) रेंगाळतं म्हणून अकाउंट्सवाले डोकं खातात, त्या व्हीएमला ४० व्हीसीपीयू द्यायला गेलात तर ती चालूच होईना. आता बायोस डिफॉल्टला रिसेट करू की ईएसएक्सआय नव्याने टाकू, असं विचारताय.

दोन्ही नको. यात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते आधी सोडवून घेऊ. एक, ६४ चे ३२ कुठल्या थरावर झाले. दोन, ६४ परत आले तर ईआरपी पळायला लागेल का. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी खात्रीने देता येतं. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या लोडवर अवलंबून आहे, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला वाटतं की नाही पळणार, कारण दुखणं दुसरीकडेच आहे. त्यावर शेवटी येतो.

आधी ३२ या आकड्याचं बघू. एकूण आकडा हा गुणाकार असतो: किती सॉकेट, गुणिले प्रत्येकात किती कोअर, गुणिले प्रत्येक कोअरचे किती थ्रेड. ६१३० ला १६ कोअर आणि ३२ थ्रेड, म्हणजे दोन गुणिले सोळा गुणिले दोन, झाले ६४. आता ३२ येण्याचे तीन रस्ते आहेत. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय) बंद असेल तर दोन गुणिले सोळा गुणिले एक. दुसरा सीपीयू सर्व्हरला दिसतच नसेल तर एक गुणिले सोळा गुणिले दोन. आणि बायोसमध्ये कुणी प्रत्येक प्रोसेसरचे कोअर कमी करून ठेवले असतील तर दोन गुणिले आठ गुणिले दोन. तिन्हीचं उत्तर ३२ च, पण पहिल्यात सेटिंग बदलायचं, दुसऱ्यात हार्डवेअरवाल्याला बोलवायचं आणि तिसऱ्यात बायोसचा एक ड्रॉपडाऊन बदलायचा. लोक नुसतं ३२ बघून थेट हायपरथ्रेडिंगच्या मागे लागतात आणि अख्खा दिवस घालवतात. मी एका कारखान्यात बघितलंय, रॅम वाढवल्यावर लॉजिकल प्रोसेसर निम्मे झाले म्हणून सगळे हायपरथ्रेडिंग शोधत बसलेले, आणि इकडे होस्टची रॅमसुद्धा निम्मी दिसत होती ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. सीपीयू गायब झाला की त्याला जोडलेल्या स्लॉटमधली रॅमही गायब होते, त्यातले पीसीआय स्लॉटही जातात. तिथे दुसरा सीपीयू नीट बसलेला नव्हता, बाकी काही नाही.

हे तीन रस्ते वेगळे करायला सगळ्यात सोपी खूण म्हणजे होस्टच्या समरीतला गिगाहर्ट्झचा आकडा. ईएसएक्सआय कपॅसिटी मोजताना फक्त फिजिकल कोअर गुणिले बेस स्पीड धरतं, थ्रेड त्यात मोजत नाही. ६१३० चा बेस स्पीड २.१ गिगाहर्ट्झ. म्हणजे ३२ कोअर गुणिले २.१ = ६७.२ गिगाहर्ट्झ. हायपरथ्रेडिंग चालू असो की बंद, हा आकडा ६७.२ च्या आसपासच राहणार. सीपीयू गेला असेल किंवा कोअर कापले असतील तर तो निम्मा, ३३.६ होणार. तुम्ही प्रश्नात कपॅसिटी ६७ च्या पुढे आहे असं ओझरतं लिहिलंय, त्या एका ओळीवरून दोन्ही सीपीयू आणि सगळे कोअर शाबूत आहेत हे कळतं. म्हणजे तुमच्याकडे पहिला रस्ता, फक्त थ्रेड गेलेत.

(ज्यांचा सर्व्हर नवीन किंवा रिफर्बिश्ड घेतलेला आहे आणि ज्यांना कधीच दुप्पट आकडा दिसला नाही त्यांनी आधी सीपीयूचं मॉडेल वाचा. सगळ्या झिऑनला हायपरथ्रेडिंग नसतं. ब्रॉन्झ ३१०४ आणि ३१०६ ला नाही, ई५-२६०३ आणि २६०९ च्या व्ही३ ला नाही, छोट्या सर्व्हरमधल्या ई-२१२४ ला नाही. बायोसमध्ये तो पर्यायच सापडत नसेल तर तो लपलेला नाहीये, तो नाहीच आहे.)

आता बायोसमध्ये एनेबल्ड असूनही थ्रेड गेले कसे. तुम्ही लिहिलंय की पॅचिंगच्या आधी होस्टवर पिवळी वॉर्निंग यायची, ती आता येत नाही. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये इंटेलच्या सीपीयूंमधला एल१टीएफ नावाचा प्रॉब्लेम जाहीर झाला, त्याला फोरशॅडो पण म्हणतात. एका कोअरचे दोन्ही थ्रेड एकच एल१ कॅश (कोअरमधली छोटी, सगळ्यात जवळची मेमरी) वापरतात, त्यामुळे एका थ्रेडवर तुमची व्हीएम आणि शेजारच्या थ्रेडवर दुसऱ्याची घातकी व्हीएम चालत असेल तर ती त्या कॅशमधलं वाचू शकते. ६१३० स्कायलेक पिढीतला आहे, म्हणजे या यादीत आहेच. व्हीएमवेअरने पॅच दिला पण शेड्युलरमधला (कुठली व्हीएम कुठल्या कोअरवर चालवायची ते ठरवणारा भाग) बचाव मुद्दाम बाय डिफॉल्ट बंद ठेवला, कारण तो चालू केला की परफॉर्मन्स खाली येतो, आणि त्याऐवजी होस्टवर वॉर्निंग टाकली की हा होस्ट सीव्हीई-२०१८-३६४६ (याच प्रॉब्लेमचा नोंदणी क्रमांक) ला बळी पडू शकतो, केबी (व्हीएमवेअरचा माहितीलेख) ५५६३६ वाचा. केबी कोण वाचतंय! वॉर्निंग घालवायची म्हणून लोक ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन हायपरथ्रेडिंग-मिटिगेशन (हाच बचाव) ट्रू करतात, होस्ट रिबूट करतात, वॉर्निंग जाते आणि सोबत निम्मे लॉजिकल प्रोसेसर पण जातात. हा बिघाड नाही, त्या सेटिंगने जे करायचं तेच केलंय. त्या मोडमध्ये शेड्युलर प्रत्येक कोअरचा एकच थ्रेड वापरतो, दुसरा रिकामा ठेवतो. बायोसला यातलं काहीच माहीत नसतं, म्हणून तिथे एनेबल्ड दिसतं.

अर्थात वॉर्निंग गेली एवढ्यावर शिक्का मारू नका, ती नुसती दाबून ठेवायचंही वेगळं सेटिंग आहे. खात्री करायची असेल तर एसएसएच चालू करून ईएसएक्सटॉप (सीपीयूचा वापर दाखवणारं ईएसएक्सआयचं टूल) उघडा. वरच्या बाजूला पीसीपीयू यूज्ड आणि पीसीपीयू युटिल या ओळी असतात, हायपरथ्रेडिंग खरोखर वापरात असेल तरच त्यांच्याखाली कोअर युटिल अशी आणखी एक ओळ येते. तुमच्याकडे ती नसणार. मग होस्टच्या कॉन्फिगरमध्ये सिस्टिमखालच्या ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन सर्चमध्ये हायपरथ्रेडिंग टाका. व्हीएमकर्नल-बूटखाली तीन नोंदी दिसतील: नुसतं हायपरथ्रेडिंग, हायपरथ्रेडिंग-मिटिगेशन, आणि हायपरथ्रेडिंग-मिटिगेशन-इंट्राव्हीएम. पहिलं फॉल्स असेल तर कुणी सरळ हायपरथ्रेडिंगच बंद केलंय. ते ट्रू असून दुसरं आणि तिसरं पण ट्रू असेल तर वर सांगितलेली केस.

कमांडवाल्यांसाठी एक सोय जास्त आहे. ईएसएक्सएलआय या कमांडमधून कर्नल सेटिंग्जची लिस्ट काढली की प्रत्येक सेटिंगसमोर कॉन्फिगर्ड, रनटाइम आणि डिफॉल्ट असे तीन कॉलम येतात. कॉन्फिगर्ड म्हणजे पुढच्या बूटला काय लागू होणार, रनटाइम म्हणजे आत्ता काय चालू आहे. ही सेटिंग्ज रिबूटशिवाय लागू होत नाहीत, त्यामुळे "मी फॉल्स केलं तरी ३२ च आहेत" म्हणणाऱ्यांच्या दोन कॉलममध्ये हमखास वेगवेगळी व्हॅल्यू असते.

मग आता काय ठेवायचं? इथे मी दुरून एक उत्तर देणार नाही, तुमच्या व्हीएममध्ये कोण चालवतंय काय यावर ते ठरतं. तीन पर्याय आहेत. मिटिगेशन फॉल्स, म्हणजे जुना शेड्युलर, पूर्ण ६४, आणि वॉर्निंग परत. मिटिगेशन ट्रू आणि इंट्राव्हीएम पण ट्रू, म्हणजे आत्ता आहे ते, सगळ्यात कडक. आणि मधला, जो ईएसएक्सआय ६.७ अपडेट २ पासून आला: मिटिगेशन ट्रू, इंट्राव्हीएम फॉल्स. यात एका कोअरचे दोन्ही थ्रेड वापरले जातात पण एका वेळी एकाच व्हीएमसाठी, दोन वेगवेगळ्या व्हीएम एका कोअरवर शेजारी बसत नाहीत. लॉजिकल प्रोसेसर ६४ दिसतात, आणि व्हीएम ते व्हीएम गळती बंद राहते. एकाच कंपनीच्या अकरा व्हीएम असतील, बाहेरचा कुणी आत येऊन हवा तो कोड चालवत नसेल, तर मी हा मधलाच घेतो. मिटिगेशन अजिबात नको असं मी कुणाला सुचवत नाही, त्यातून ७.० चा जनरल सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा आहे ते संरक्षण काढून ठेवण्यात शहाणपणा नाही. पण त्या अकरात एखादा टर्मिनल सर्व्हर असेल ज्यावर पन्नास जण लॉगिन करतात आणि त्यांच्यावर भरवसा नसेल, तर मधला पर्याय एकाच व्हीएमच्या आतली गळती थांबवत नाही हे लक्षात ठेवा. होस्टिंगचा धंदा असेल, वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या व्हीएम असतील, तर तो निर्णय तुमच्या सिक्युरिटीवाल्यांनी लेखी द्यावा, तुम्ही एकट्याने घेऊ नका.

आणि आत्ता सेटिंग कुणी आणि का बदललं ते आधी विचारा. ऑडिटमध्ये तो मुद्दा आला होता म्हणून केलेलं असेल तर तुम्ही उलटवलंत की पुढच्या ऑडिटला तुमचं नाव येणार.

बदलायची पद्धत साधी आहे, व्हॅल्यू बदला, व्हीएम बंद करा किंवा दुसऱ्या होस्टवर हलवा, मेंटेनन्स मोड, रिबूट. तुमच्याकडे एकच होस्ट दिसतोय, तेव्हा रविवार बघा. बायोस रिसेट करू नका असं का म्हणतोय, तर तिथे हायपरथ्रेडिंग आधीच चालू आहे, म्हणजे मिळणार काही नाही, आणि त्या नादात बूट मोड, पॉवर प्रोफाइल असली मुद्दाम सेट केलेली सेटिंग्ज उडाली तर नवीन दुखणं. रिइन्स्टॉलने मात्र आकडा खरंच ६४ होईल, कारण नव्या इन्स्टॉलमध्ये मिटिगेशन बंद असतं, आणि मग तुम्ही "रिइन्स्टॉल केल्यावर गेलं" असं चार जणांना सांगाल आणि तेही तेच करतील.

हायपर-व्हीवाल्यांसाठी (मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर) दोन ओळी, कारण तिथेही असाच गोंधळ होतो. विंडोज सर्व्हर २०१६ पर्यंत क्लासिक शेड्युलर डिफॉल्ट होता, २०१९ पासून कोअर शेड्युलर आहे, जो वरच्या मधल्या पर्यायासारखाच विचार करतो. इव्हेंट लॉगमध्ये हायपरवायझरचा इव्हेंट आयडी २ बघा, त्यात टाइप १ असेल तर क्लासिक आणि हायपरथ्रेडिंग बंद, २ क्लासिक, ३ कोअर, ४ रूट. आणि होस्टच्या टास्क मॅनेजरमध्ये व्हर्च्युअल प्रोसेसर आणि होस्ट लॉजिकल प्रोसेसर असे दोन आकडे वेगळे असतात, त्यातला दुसरा सर्व्हरचा, पहिला फक्त मॅनेजमेंट ओएसच्या वाट्याचा. लिनक्सवरचं प्रॉक्समॉक्स किंवा साधं केव्हीएम असेल तर एलएससीपीयू ही कमांड चालवा, थ्रेड्स पर कोअर १ आणि ऑफलाइन सीपीयूंची यादी भरलेली दिसली की कर्नलने थ्रेड बंद केलेत, मग बूटच्या कमांडलाइनमध्ये नोएसएमटी (थ्रेड बंद ठेवायला सांगणारा शब्द) आहे का बघा. तो शब्द कधीकधी मिटिगेशन्स=ऑटो च्या पुढे स्वल्पविराम देऊन लपलेला असतो.

आता दुसरा प्रश्न, ६४ आले की ईआरपी पळेल का. थ्रेड म्हणजे कोअर नव्हे. बँकेत काउंटर एकच आणि रांगा दोन, असं समजा: पहिल्या रांगेतला माणूस खिशात चेक शोधत असताना कॅशियर दुसऱ्या रांगेतल्याचं काम करतो, त्यामुळे कॅशियर रिकामा बसत नाही, पण माणसं दुप्पट होत नाहीत. लोड तसा असेल तर वीस-तीस टक्के जादा काम निघतं, नसेल तर त्याहून कमी. म्हणून व्हीएमचं साइझिंग करताना मी फिजिकल कोअरच धरतो, थ्रेड हा वरचा मोकळेपणा.

२४ व्हीसीपीयूची व्हीएम तुमच्या सर्व्हरवर मुळात अवघड जागी बसलीय. एका सॉकेटला १६ कोअर, त्यामुळे २४ ची व्हीएम एका न्यूमा नोडमध्ये (एक सॉकेट आणि त्याला जोडलेली रॅम) मावत नाही, दोन्हीकडे पसरते आणि मेमरी अर्धी लांबची होते. न्यूमाची गणती करताना ईएसएक्सआय डिफॉल्टला कोअर मोजतं, थ्रेड नाही, म्हणजे ६४ परत आले तरी यात फरक नाही. सीपीयूची टंचाई खरंच आहे का ते रेडी टाइमवरून, म्हणजे व्हीएम तयार असूनही सीपीयूची वाट बघण्यात गेलेल्या वेळेवरून, कळेल. व्हीसेंटरच्या रिअलटाइम चार्टमध्ये रेडी मिलिसेकंदात येतो आणि एक बिंदू २० सेकंदांचा असतो. समजा त्या व्हीएमचा एकूण रेडी ४८,००० दिसला, तर ४८,००० भागिले २०,००० म्हणजे २४० टक्के, त्याला २४ ने भागा, एका व्हीसीपीयूला १० टक्के. दहा म्हणजे युजरला जाणवतं. पाचच्या खाली असेल तर सीपीयूच्या रांगेचा दोष नाही, दुसरं काहीतरी शोधा. चार्टवर २४० बघून घाबरणारे खूप असतात, भागाकार करायचा राहून जातो.

आणि ते दुसरं काहीतरी काय असेल याचा माझा अंदाज सांगतो. तुम्ही एसक्यूएल स्टँडर्ड म्हणालात. २०१९ स्टँडर्डची मर्यादा चार सॉकेट किंवा २४ कोअर, यातलं जे कमी असेल ते. ४० व्हीसीपीयू द्यायचा विचार तर इथेच संपला, २४ च्या वर ते वापरणारच नाही, आणि व्हीएमनुसार लायसन घेतलं असेल तर चाळीस कोअरचे पैसे मात्र मोजायला लागतील. पण खरी गंमत सॉकेटची आहे. ईएसएक्सआय ७ पर्यंत व्हीएम बनवताना कोअर्स पर सॉकेट डिफॉल्टला १ असतं. कुणी ते न बदलता २४ व्हीसीपीयू दिले असतील तर विंडोजला २४ सॉकेट, प्रत्येकी एक कोअर असं दिसतं. विंडोज सर्व्हरला चालतं, टास्क मॅनेजरमध्ये २४ दिसतात, सगळे खूश. एसक्यूएल मात्र त्यातले चार सॉकेट घेतं, म्हणजे चार कोअर, आणि बाकीचे वीस नुसते बसून. तुमच्या व्हीएमचा एकूण सीपीयू वापर वीस टक्क्यांच्या आत आणि तरी ईआरपी अडकतंय असं असेल तर हेच असणार, कारण २४ पैकी ४ म्हणजे साधारण १७ टक्के.

हे तपासायला काहीच बंद करावं लागत नाही. एसक्यूएलचा एरर लॉग उघडा, सर्व्हिस सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही ओळींत एक ओळ असते, अमुक सॉकेट सापडले, प्रत्येकी अमुक कोअर, एकूण अमुक लॉजिकल प्रोसेसर, आणि त्यानंतर लायसनिंगनुसार अमुक वापरतोय. तो शेवटचा आकडा चार असेल तर ६४-३२ चा सगळा विषय सध्या बाजूला ठेवा. व्हीएम बंद करा, १६ व्हीसीपीयू द्या, कोअर्स पर सॉकेट १६, म्हणजे एक सॉकेट, एका न्यूमा नोडमध्ये व्यवस्थित बसेल (त्या व्हीएमची रॅमही एका सॉकेटच्या रॅममध्ये मावत असेल तर). व्हीसीपीयू कमी करून व्हीएम फास्ट होईल हे मॅनेजमेंटला पटवणं हा वेगळा उद्योग आहे, त्यांना तो लॉगच दाखवा. हाच प्रकार विंडोज १० प्रोच्या व्हीएमला पण होतो, ते दोनच सॉकेट घेतं, आठ व्हीसीपीयू दिले तरी आत दोनच दिसतात आणि लोक होस्टचं हायपरथ्रेडिंग तपासत बसतात.

मी असतो तर याच क्रमाने गेलो असतो: आज एरर लॉगची ती ओळ आणि रेडीचा भागाकार, मग व्हीएमचं सॉकेट-कोअर रविवारी, त्यानंतर इंट्राव्हीएम फॉल्स करून होस्टचा रिबूट. दोन्ही एकदमच केलंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, म्हणून शक्य असेल तर दोन रविवार घ्या आणि आधी व्हीएमचं करा. होस्टवर एखाद्या व्हीएमला सीपीयू ॲफिनिटी (ठरावीक नंबरच्या प्रोसेसरवरच चालायचं बंधन) लावलेली नाही ना तेही बघून ठेवा, थ्रेड परत आले की ते नंबर वेगळ्या कोअरवर जातात.

इथे पुढे लिहिताना तीन गोष्टी टाका: तिन्ही हायपरथ्रेडिंग सेटिंग्जचे कॉन्फिगर्ड आणि रनटाइम कॉलम, एरर लॉगमधली सॉकेटची ओळ, आणि कामाच्या वेळेतला एसक्यूएल व्हीएमचा रेडी. स्क्रीनशॉटमधून सर्व्हरचं नाव आणि आयपी तेवढे झाकून टाका.